रक्तातलं लोखंड, रक्ताचं नातं

हे या भागाचं लिखित रूप. लोकलमध्ये एका हातानं कडी धरून वाचणाऱ्यांसाठी, आणि ज्यांचे इअरफोन नेमके घरी राहिलेत त्यांच्यासाठी.

आपल्याकडे शरीरातलं लोह म्हटलं की एकच वाक्य आठवतं: कमी आहे. मग गूळ-शेंगदाणे खा, हळिवाचे लाडू खा, भाजी लोखंडी कढईत कर. आणि ते बरोबरच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया निघाला होता. त्यामुळे लोह जास्त झालं म्हणून माणूस मेला, हे आपल्या कानाला खोटंच वाटतं. पण असा आजार आहे. नाव हिमोक्रोमॅटोसिस. आई-वडिलांकडून येतो, वेळेत कळला तर जवळजवळ पूर्ण टाळता येतो, आणि तरी शंभरेक वर्षं लोक त्यानं मरत राहिले. का मरत राहिले, तर त्यामागे बऱ्याच अंशी एक संशय होता, जो आपल्या गल्लीतही रोज ऐकू येतो: लिव्हर गेलंय ना? मग पीत असणार.

चला पॅरिसला. साल १८६५. ओतेल-द्यू या जुन्या रुग्णालयात आर्मां त्रूसो नावाचे नामांकित डॉक्टर शिकवायचे. त्यांनी आपल्या व्याख्यानांमध्ये एका रुग्णाचं वर्णन केलं: मधुमेह आहे, लिव्हर कठीण झालंय, आणि कातडीला काशाच्या भांड्यासारखा रंग चढलाय. हा वेगळाच आजार आहे, असं काही त्रूसोंनी म्हटलं नाही. १८७१ मध्ये त्र्वाझिए या दुसऱ्या फ्रेंच डॉक्टरनं या सगळ्याला एकत्र बांधून ‘काशाच्या रंगाचा मधुमेह’ असं नाव दिलं. मग १८८९ मध्ये जर्मन पॅथॉलॉजिस्ट फॉन रेकलिंगहाउझेन यांनी शवविच्छेदनात अवयवांमध्ये साचलेला तपकिरी रंग पाहिला. हा रंग रक्तातून आला असणार, असा अंदाज करून त्यांनी ‘हिमोक्रोमॅटोसिस’ हे नाव ठेवलं. हिमो म्हणजे रक्त, क्रोमा म्हणजे रंग. त्या रंगात लोह आहे हे त्यांना दिसलं होतं, पण ते येतं पोटातून, आतड्यातून, हे कळायला अजून बराच काळ जायचा होता. चुकीच्या समजावर ठेवलेलं नाव तसंच चिकटलं. आमच्या कोडमध्येही अशी व्हेरिएबलची नावं असतात, कोणी बदलायची हिंमत करत नाही.

एक योगायोग सांगतो. ज्या १८६५ मध्ये त्रूसो हे वर्णन करत होते, त्याच वर्षी ब्रनो शहरात ग्रेगोर मेंडेल आपले वाटाण्याचे प्रयोग वाचून दाखवत होते. आजार एका शहरात, त्याचं गणित दुसऱ्या शहरात. दोघांची गाठ पडायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

आता आधी यंत्रणा समजून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. तुमच्या-माझ्या शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. एका मोठ्या खिळ्याएवढं म्हणा. रोजच्या जेवणातून आपण १ ते २ मिलिग्रॅम आत घेतो आणि तेवढंच रोज गमावतो: कातडीच्या, आतड्याच्या झडणाऱ्या पेशींतून, थोड्याशा रक्तातून. गंमत अशी की लोह मुद्दाम बाहेर टाकायची सोय शरीरात नाहीच. मीठ जास्त झालं तर किडनी बाहेर टाकते. लोह जास्त झालं तर कोणीच टाकत नाही. १९३७ मध्ये मॅकॅन्स आणि एल्सी विडोसन या इंग्लिश जोडीनं हे ठामपणे मांडलं की, लोहाचा हिशेब आत येताना होतो, बाहेर जाताना नाही. म्हणजे सगळा भार गेटवरच्या वॉचमनवर.

तो वॉचमन झोपला तर काय होईल, याचा हिशेब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करता येतो. रोज समजा २ मिलिग्रॅम जास्त आत आलं. वर्षाला ७३० मिलिग्रॅम. तीस वर्षांत जवळपास २२ ग्रॅम. वाढ झालेल्या आजारात रुग्णांच्या शरीरात खरोखर २० ग्रॅमच्या वर लोह सापडतं. हे लोह लिव्हरमध्ये, स्वादुपिंडात, हृदयात, सांध्यांत जाऊन बसतं आणि तिथल्या पेशी जाळत राहतं. म्हणून पुरुषांना त्रास सुरू होतो साधारण चाळिशी-पन्नाशीत. स्त्रियांना बऱ्याचदा आणखी उशिरा, कारण पाळी आणि बाळंतपणात लोह बाहेर जात राहतं. सुरुवातीला काय होतं? थकवा, तर्जनी आणि मधल्या बोटाचे सांधे दुखणं, कामेच्छा कमी होणं. यातलं काय घेऊन माणूस डॉक्टरकडे धावत जाईल? वय झालं म्हणून गप्प बसतो. लिव्हर सिरोसिसपर्यंत पोहोचलं की मग सगळे जागे होतात.

आणि सिरोसिस म्हटलं की बाटली आठवते. इथून आपली खरी गोष्ट सुरू होते.

इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टनला जोसेफ शेल्डन नावाचे डॉक्टर होते. मोठ्या विद्यापीठात नाही, एका औद्योगिक शहराच्या रुग्णालयात. या माणसानं तोवर जगभरात छापून आलेल्या केसेस एकेक करून गोळा केल्या. ३११ भरल्या. १९३५ मध्ये पुस्तक काढलं. त्यात त्यांनी एकेक संशयित तपासून बाजूला ठेवला, दारूसुद्धा, आणि निष्कर्ष काढला की हा चयापचयातला जन्मजात दोष आहे आणि तो घराण्यात चालतो. डीएनएची रचना कळायला तेव्हा अठरा वर्षं बाकी होती. हातात फक्त कागद आणि धीर. मला या संपूर्ण इतिहासात सगळ्यात जास्त आवडलेला माणूस हाच.

पण शेल्डन यांचं सगळ्यांनी ऐकलं नाही. १९६० च्या दशकात बॉस्टनचे पॅथॉलॉजिस्ट रिचर्ड मॅकडोनाल्ड जोरात मांडत होते की हा वेगळा आनुवंशिक आजार वगैरे काही नाही. दारू, निकृष्ट आहार आणि वाइनमधलं लोह यांनी झालेला हा सिरोसिसचाच प्रकार आहे. त्यांचं म्हणणं अगदीच निराधार होतं असंही नाही. बरेच रुग्ण खरंच पीत होते, काही वाइनमध्ये लोह असतंच, आणि आज आपल्याला माहीत आहे की ज्याच्यात हा दोष आहे त्याचं लिव्हर दारूनं जास्त लवकर बिघडतं. पण मूळ कारणावर ते चुकले होते.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरांचा वाद, त्यात एवढं काय? सांगतो. समजा पन्नाशीचा एक माणूस सिरोसिसनं गेला. कारण दारू असं ठरलं, तर फाईल बंद. विधवेच्या वाट्याला दु:ख आणि वर लोकांच्या नजरा. पण कारण आनुवंशिक असेल, तर फाईल उघडायला हवी, कारण त्याचा धाकटा भाऊ पंचेचाळीस वर्षांचा आहे, धडधाकट दिसतोय, आणि त्याच्या शरीरात कदाचित १२ ग्रॅम लोह जमलंय. पिणं हा ज्याचा त्याचा दोष मानला गेला, म्हणून त्या भावाचं रक्त कोणी तपासायला सांगितलं नाही. नैतिक निकाल देऊन मोकळं झालं की पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो. असे किती भाऊ गेले, याची नोंद कुठे असणार?

यातली चीड आणणारी बाब म्हणजे उपाय तोवर सापडला होता. आणि उपाय कसला, तर रक्त काढणं! आपल्याकडे तुंबडी लावायचे, जळवा लावायचे, युरोपात न्हावी शिरा कापायचे. या रक्त काढण्यानं शतकानुशतकं बहुतेक रुग्णांचं नुकसानच केलं, आणि आधुनिक वैद्यकानं ते मोडीत काढलं. पण लोह साचलेल्या माणसासाठी ते तंतोतंत लागू पडतं. अर्धा लिटर रक्तात २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. रक्त काढलं की शरीर नवं रक्त बनवतं आणि त्यासाठी साठ्यातलं लोह उचलतं. शरीरात नसलेला बाहेरचा दरवाजा सुईनं पाडायचा, एवढंच. १९५० च्या सुमारास अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या डेव्हिस आणि ॲरोस्मिथ या डॉक्टरांनी हे पद्धतशीर करून दाखवलं. २० ग्रॅम काढायला दर आठवड्याला एक पिशवी धरली तर दीड ते दोन वर्षं. मग वर्षातून दोन-चार वेळा, आयुष्यभर. औषध नाही, पेटंट नाही.

याचा निकाल १९८५ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनी छापला. १६३ रुग्ण. ज्यांचं रक्त काढणं सिरोसिस आणि मधुमेह व्हायच्या आधी सुरू झालं, ते सामान्य माणसाइतकंच जगले. ज्यांना सिरोसिस आधीच झाला होता, ते लवकर गेले, आणि लिव्हरच्या कॅन्सरचा धोका त्यांना सोडत नव्हता. म्हणजे सगळा खेळ वेळेचा. आणि वेळ गाठायची तर आजार दिसायच्या आधी माणूस शोधायचा, म्हणजे पुन्हा तो धाकटा भाऊ.

दारूचा वाद निकालात काढला फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतानं. रेन शहरात मार्सेल सिमाँ हे डॉक्टर काम करत होते. त्या काळात अवयवरोपणामुळे एचएलए टायपिंग नवीन आलं होतं, म्हणजे पेशींवरच्या ओळखपत्रांची तपासणी. सिमाँ यांनी सहज नाही, मुद्दाम आपल्या रुग्णांची ओळखपत्रं तपासली. एचएलए-ए३ हा प्रकार आसपासच्या साध्या लोकांत साधारण पाव भागाला होता, रुग्णांत मात्र तीन-चतुर्थांशाहून जास्त जणांना. १९७५-७६ च्या सुमारास हे बाहेर आलं. एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात हे ठाऊक होतं, म्हणजे दोषी जनुकाचा पत्ता साधारण त्याच गल्लीतला. लगोलग घराण्यांच्या अभ्यासातून वारसा कसा चालतो तेही कळलं: मेंडेलच्या वाटाण्यासारखा, अप्रभावी. दोषी प्रत आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा दोन्ही मिळाल्या तरच धोका. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता. भावाबहिणींचे एचएलए जुळवून कोण धोक्यात आहे, हे जनुक न सापडताही सांगता येऊ लागलं. दारू एचएलए बदलत नाही. वाद संपला.

जनुक सापडायला मात्र आणखी वीस वर्षं लागली. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मर्केटर जेनेटिक्स या छोट्या कंपनीच्या टीमनं ते शोधलं. १७८ रुग्णांपैकी ८३ टक्के लोकांत दोन्ही प्रतींमध्ये एकच बदल होता: एका जागी जी ऐवजी ए. त्यामुळे प्रथिनातल्या २८२ व्या जागी सिस्टीनऐवजी टायरोसीन येतं. नाव पडलं सी२८२वाय. एक अक्षर! सेमीकोलनमुळे रात्र घालवलेल्या कुठल्याही माणसाला हे पटेल. शोधणाऱ्यांनी जनुकाला एचएलए-एच म्हटलं, पण ते नाव आधीच एका निकामी जनुकाला दिलेलं होतं, मग एचएफई असं नवं नाव ठेवलं. नेमस्पेसची टक्कर तिथेही होते.

या शोधाला एक आधीचा धागा आहे, जो सहसा सांगितला जात नाही. पोर्तुगालच्या मारिया द सूझा या मुळात रोगप्रतिकारशास्त्राच्या संशोधक. लोह आणि प्रतिकारशक्तीचं काहीतरी नातं आहे, असं त्या खूप आधीपासून म्हणत होत्या. १९९४ मध्ये त्यांच्या गटानं दाखवलं की ज्या उंदरांत बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन नसतं, त्यांच्यात लोह साचतं. दोन वर्षांनी एचएफई सापडलं तेव्हा कळलं की त्याला पेशीच्या पृष्ठभागावर जायला नेमकं हेच प्रथिन सोबतीला लागतं, आणि सी२८२वाय मुळे ती जोडी जमत नाही. द सूझा २०२० मध्ये कोविडनं गेल्या.

तरी वॉचमन कोण, हे बाकीच होतं. तो २००१ मध्ये चुकून सापडला. पॅरिसमध्ये सोफी व्होलाँ यांचा गट साखरेच्या नियंत्रणाशी संबंधित जनुक बंद केलेल्या उंदरांवर काम करत होता. उंदरांची लिव्हर लोहानं भरलेली निघाली. साखरेशी त्याचा काही संबंध नव्हता. शेजारचं हेप्सिडीन नावाच्या हॉर्मोनचं जनुकही त्या उंदरांत गप्प झालं होतं. हेप्सिडीन लिव्हरमध्ये बनतं आणि आतड्याच्या पेशींवरचा लोहाचा दरवाजा बंद करतं. एचएफई बिघडलं की लिव्हरला लोहाचा अंदाज नीट येत नाही, हेप्सिडीन कमी बनतं, आणि दरवाजा उघडाच राहतो. त्रूसोंपासून १३६ वर्षांनी यंत्रणा समोर आली.

मग साहजिक विचार आला: टेस्ट स्वस्त आहे, उपाय फुकटाच्या भावात आहे, तर सगळ्यांचीच तपासणी करून टाकू! मीही वाचताना हाच विचार केला, कारण आम्हा इंजिनिअर लोकांना बग सापडला की सगळ्या सर्व्हरवर पॅच टाकायची घाई असते. पण २००२ मध्ये अर्नेस्ट बॉयटलर यांनी कॅलिफोर्नियातल्या ४१,०३८ लोकांची तपासणी छापली. दोन्ही प्रती दोषी असलेले १५२ निघाले, आणि आजाराचं पूर्ण चित्र दिसणारे त्यांच्यात एक टक्क्याहूनही कमी. ऑस्ट्रेलियातल्या २००८ च्या अभ्यासात चित्र वेगळं आलं: अशा पुरुषांपैकी सुमारे २८ टक्क्यांना लोहामुळे आजार, स्त्रियांत एक टक्क्याच्या आसपास. ‘आजार’ कशाला म्हणायचं, यावर आकडे हलतात. पण एवढं दोघांतूनही दिसतं की दोन दोषी प्रती मिळालेल्या बहुतेकांना सिरोसिस होत नाही. त्यामुळे २००६ मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीनं सरसकट जनुक तपासणी नको असा सल्ला दिला. धोका नसलेल्या हजारोंच्या गळ्यात आजाराचं लेबल अडकवायचं, इन्शुरन्सवाल्यांना आयतं कारण द्यायचं, हे नको. मला हा निर्णय पटतो. तपासायचं कुणाला, तर रुग्णाच्या सख्ख्या नातेवाईकांना. आधी साधी रक्त तपासणी: फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन. सॅच्युरेशन ४५ टक्क्यांच्या वर असेल तर जनुकाकडे बघायचं. शेल्डन यांनी १९३५ मध्ये जे घराण्याचं म्हटलं होतं, तिथेच येऊन थांबलो.

हा बदल सगळ्यात जास्त कुठे आहे? आयर्लंडमध्ये. तिथे साधारण ८३ माणसांत एकाला दोन्ही दोषी प्रती मिळतात. उत्तर आयर्लंडच्या रॅथलिन बेटावर एका पबच्या मागे २००६ मध्ये कांस्ययुगातली हाडं सापडली. २०१६ मध्ये त्यांचा डीएनए वाचला, तर सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका पुरुषात सी२८२वाय हजर. मध्ययुगातल्या प्लेगपासून वाचवलं म्हणून हा बदल टिकला, अशी एक थिअरी इंटरनेटवर जोरात फिरते. बदल प्लेगच्या त्या साथीपेक्षा कितीतरी जुना आहे, एवढं लक्षात ठेवा. उलट, २००९ मध्ये शिकागोत प्लेगच्या जंतूवर काम करणारे एक संशोधक त्याच संसर्गानं दगावले. प्रयोगशाळेतला तो जंतू मुद्दाम दुबळा केलेला होता. त्याला लोह मिळवता येत नव्हतं. शवविच्छेदनात कळलं की संशोधकांना हिमोक्रोमॅटोसिस होता. जंतूला जे मिळत नव्हतं ते तिथे आयतं भरून ठेवलेलं होतं. या आजाराच्या रुग्णांना कच्चे शिंपले खाऊ नका असं बजावतात, त्यामागेही असाच एक लोहाचा भुकेला जंतू आहे.

आता आपल्याकडे. सी२८२वाय भारतीयांत जवळजवळ सापडत नाही. एच६३डी नावाचा दुसरा बदल सापडतो, पण तो एकटा सहसा आजार करत नाही. अमेरिकेतल्या तुमच्या चुलतभावानं थुंकी पाठवून जनुकांचा रिपोर्ट मागवला आणि त्यात हिमोक्रोमॅटोसिसच्या रकान्यात एच६३डी दिसलं, तर फॅमिली ग्रुपवर लगेच रडारड नको. बॉडी चेकअपमध्ये फेरिटिन वाढलेलं आलं, तर आपल्याकडे त्यामागे बहुतेकदा फॅटी लिव्हर किंवा कुठली तरी सूज असते. डॉक्टरला विचारा, स्वत:हून रक्त काढायला जाऊ नका. एचएफईशिवाय दुसऱ्या जनुकांमुळे होणारे दुर्मीळ प्रकार मात्र कुठल्याही समाजात असतात, त्यामुळे ‘भारतात नसतोच’ असं म्हणणारे डॉक्टरही चुकतात.

आपल्याकडे लोह साचण्याचं मोठं आणि आनुवंशिक कारण आहे थॅलेसेमिया मेजर. तिथे सगळं उलटं. मुलाला जगवण्यासाठी दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि प्रत्येक पिशवीबरोबर तेच २०० ते २५० मिलिग्रॅम लोह आत जातं. आयर्लंडमध्ये ज्या मापानं काढतात, त्याच मापानं इथे भरलं जातं, आणि या मुलांचं रक्त काढून चालत नाही. पूर्वी एकच मार्ग होता: रात्रभर पोटाच्या कातडीखाली पंपानं औषध. १९९० च्या दशकाच्या मध्यात मुंबईच्या सिप्लानं डेफेरिप्रोनची गोळी ‘केल्फर’ नावानं आणली. अमेरिकेत हेच औषध मंजूर व्हायला २०११ उजाडलं.

थॅलेसेमियाचाही वारसा तसाच चालतो: आई-वडील दोघं वाहक, तर प्रत्येक मुलाला चारात एक. वाहकाला स्वत:ला काहीच होत नाही, त्यामुळे त्याला कळतही नाही. सिंधी, कच्छी, लोहाणा समाजात प्रमाण जास्त, पण मराठी घरांतही वाहक असतात. सीबीसी आणि एचबीए२ या दोन रक्त तपासण्यांतून ते कळतं. लग्नाआधी किंवा निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला करून घ्या. आणि एक जण वाहक निघाला, तर त्याच्या भावाबहिणींना, चुलत-मावस भावंडांनाही तपासायला सांगा. ‘आमच्या घराण्यात असं काही नाही’ हे वाक्य घरी ऐकावं लागेल, त्याची तयारी ठेवून सांगा.

भेटू पुढच्या भागात.